दुपारची झोप कुठल्या देशात?

मेहुण्याच्या लेकीला येत्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दोन वर्षं पूर्ण होतात, आणि त्याच्या आत तिला परदेशवारी घडवायची असा त्याचा बेत आहे. घाईला कारण आहे. दोन वर्षांखालचं मूल विमानात आईबापाच्या मांडीवर बसतं आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याला मोठ्या माणसाच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के पडतात. दोन पूर्ण झाली की वेगळी सीट आणि त्या सीटचे पैसे. मेहुणा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सवलत संपायच्या आत बटण दाबायचं, ही सवय त्याच्या अंगात मुरली आहे.

विषय निघाला पालीत. ही पाली अष्टविनायकातली नव्हे. राजगडाच्या पायथ्याची, वेल्हे तालुक्यातली. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण सासूबाईंच्या तोंडी अजून वेल्हंच. फेब्रुवारीतला रविवार होता. पाली दरवाज्याच्या वाटेनं गड चढणारी पोरं पाठीवर सॅका टाकून सकाळपासून अंगणासमोरून जात होती. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत राजगड आहे. जगानं आमच्या दारात यायचं आणि आम्ही जगाच्या दारात जायला निघायचं, असा एकूण प्रकार.

बोलणारे मुख्यतः दोघं : माझी बायको आणि तिचा हा धाकटा भाऊ. ती भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवते. मी दाजी. दाजीनं अशा वेळी चहा प्यायचा आणि दोन्हीकडे मान डोलवायची.

"चार रात्री सिंगापूर, दोन रात्री क्वालालंपूर," मेहुण्यानं मोबाइल पुढं केला. "मुंबईहून साडेपाच तास. बास."

"आणि तिथं पोर काय करणार?"

"अगं, झू आहे. ओरांगउटान मोकळे फिरतात, डोक्यावरच्या झाडांतनं. पक्ष्यांचं वेगळं उद्यान 2023 साली नवीन झालंय. विमानतळावरच चाळीस मीटरचा धबधबा आहे, छताखाली."

"धबधबा बघायला सिंगापूर? जुलैत इथं ये. अंगणात बसून मोज."

"जुलैत इथला धबधबा बघायला गेलं की पोरीचं डायपर गाडीच्या बॉनेटवर बदलावं लागतं, ताई. गेल्या वर्षी बदललंय मी. तिथं धबधब्याशेजारी त्यासाठी खोली असते. टेबल असतं, गरम पाणी असतं."

हा मुद्दा बिनतोड होता. परदेश निवडताना लोक समुद्र, बर्फ, खरेदी असले विचार करतात. पण ज्याच्या कडेवर दोन वर्षांचं मूल आहे, त्याच्यासाठी देशाची प्रगती त्या टेबलापाशी कळते. मेहुण्यानंही तो धागा सोडला नाही. नळाचं पाणी थेट पिता येतं, बाटल्या उकळायची भानगड नाही. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट, म्हणजे बाबागाडी उचलून जिने चढायला नकोत. रात्री ताप चढला तर चांगलं इस्पितळ टॅक्सीनं थोड्या वेळावर. "मॉरिशस म्हणतेस ना तू? तिथं एखाद्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात रात्री दोनला पोरीला उलट्या सुरू झाल्या तर?"

मॉरिशसचं नाव माझ्या बायकोनं आदल्या रात्री घेतलं होतं. तिनं उत्तर द्यायच्या आधी शाळा काढली. शिक्षिका वादात शाळा काढतेच.

"आम्ही पोरांना रायगडला नेलं होतं सहलीला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, काय पाहिलं ते सांगा. एकानं सांगितलं, ड्रायव्हरकाकांनी हॉर्न वाजवू दिला. एक म्हणाली, माकडानं माझं केळं नेलं. तिघांनी कोण कुठं ओकलं ते सांगितलं. सिंहासनाची जागा एकानंही सांगितली नाही. ही पोरं सहा-सात वर्षांची. तुझी तर दोनचीही नाही. तिला ओरांगउटान आणि शेजारच्या बाकड्यावरचं मांजर सारखंच."

"म्हणजे न्यायचंच नाही?"

"न्या की. पण तिला रोज नवीन काही दाखवू नका. एका जागी राहा. सकाळी तीच वाळू, संध्याकाळी तीच वाळू. दुपारी झोप. तिला तिसऱ्या दिवशी कळेल की ही आपली जागा आहे, तोवर तुम्ही तिला उचलून क्वालालंपूरला न्याल. दोन रात्रींसाठी पुन्हा बॅगा भरा, पुन्हा विमानतळ, पुन्हा रांग."

क्वालालंपूर तिथंच गळालं. मेहुण्याच्या बायकोनं "मी कधीपास्नं तेच सांगतेय" एवढं म्हणून खिडकीतून वाटी आत घेतली. वाटीत नाचणीचं सत्त्व होतं. पोरीनं त्यातलं निम्मं खाल्लं होतं आणि निम्मं कपाळाला लावलं होतं.

मॉरिशसची बाजू बायकोनं नीट मांडली. ती तयारीनं आली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, सिंगापूरला लागतो. बेटाच्या बहुतेक भोवती प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे मोठी लाट बाहेरच फुटते आणि आत गुडघाभर संथ पाणी मिळतं. मे महिन्यात आपल्याकडे अंगाची लाही होते, तेव्हा विषुववृत्ताच्या पलीकडे हिवाळ्याची सुरुवात. "फक्त पूर्व किनारा घेऊ नका," तिनं बजावलं, "त्या दिवसांत तिकडून वारा असतो. पश्चिमेला किंवा उत्तरेला राहा."

मग ती मराठी माणसांवर आली. 1834 पासून ऊसमळ्यांवर कामाला गिरमिटिये गेले, त्यात मुंबई इलाख्यातले, कोकण-देशावरचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज घरात बहुतेक क्रिओल बोलतात, पण मराठी तिथल्या शाळांत शिकवतात, गणेश चतुर्थीला देशाला सरकारी सुट्टी असते, आणि गणपतीत झाकरी नाचतात. आपल्या कोकणातली जाखडी ती. मोका गावच्या महाराष्ट्र भवनात 2023 साली शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला.

"ताई, हे पोरीसाठी आहे की तुझ्यासाठी?" मेहुण्यानं विचारलं. "गिरमिटियांचा इतिहास ती दुधाच्या बाटलीबरोबर घेणार?"

बायको हसली. मी पहिल्यांदा मेहुण्याच्या बाजूनं मान डोलवली. पोराच्या नावानं आपली हौस पुढं सरकवायची, हे दोन्हीकडे चाललं होतं. एकाची हौस धबधब्याची, दुसरीची इतिहासाची.

बाकीचे देश भराभर निकालात निघाले. दुबईला मे महिन्यात चाळिशीपार ऊन. फुकेतच्या बाजूला मेपासून पाऊस धरतो, समुद्र खवळला की किनाऱ्यावर लाल बावटे लावतात. थायलंड तेव्हा व्हिसाशिवाय होतं खरं, पण असले नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघावे लागतात. भूतानला भारतीयांना दर रात्री 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, सहा वर्षांखालच्या मुलांना माफ. पण तिथं लोक ज्यासाठी जातात तो तक्तसांगचा मठ कड्यावर आहे, आणि मेहुणा राजगडावरच धापा टाकतो. श्रीलंकेवर मात्र थोडं थांबलो. मुंबईहून अडीच तासांचं विमान, घड्याळही तेच. जाणकार माणूस लहान मुलासाठी आधी तिकडंच बोट दाखवेल. पण मे महिन्यात त्यांच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मोसमी पाऊस उतरतो. आणि नुवारा एलियाचा रस्ता वळणावळणाचा. पोरगी महाडला जाताना वरंध घाटात तिसऱ्या वळणाला बापाच्या शर्टावर ओकली होती, तो शर्ट मेहुण्याच्या अजून डोळ्यांसमोर असावा. त्यानं श्रीलंका स्वतःच खोडली. डिसेंबर असता तर मी हट्ट धरला असता.

खरा वाद पेटला तो घड्याळावर.

"सिंगापूर आपल्या अडीच तास पुढं," मेहुणा म्हणाला. "ही इथं आठला झोपते. म्हणजे तिथले साडेदहा. झाली ना नाइट सफारी! रात्रीचं जंगल, जागं मूल."

"आणि सकाळी?"

"सहाला उठते, म्हणजे तिथले साडेआठ. आम्हालाही झोप."

हिशोब बरोबर होता. मी कधी असा विचारच केला नव्हता. परदेश म्हटलं की जेट लॅगची भीती घालतात, पण पूर्वेला थोडं सरकलं तर तोच फरक आईबापांच्या बाजूचा होतो. मॉरिशस उलट दीड तास मागं. पोरगी तिथं संध्याकाळी साडेसहालाच पेंगणार आणि पहाटे साडेचारला टक्क उठून बसणार.

"छानच की," बायको म्हणाली. "त्या दिवसांत तिथं पावणेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. अंधार पडला, जेवली, झोपली. तुम्ही दोघं निवांत गप्पा मारत बसा. आणि पहाटेचा समुद्र कोण बघतं एरवी?"

"साडेचारला कोण उठणार?"

हा आवाज आतून आला. मेहुण्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तोवर ती वादात नव्हती, कारण ती पोरीला भरवत होती; आणि वाद करणारे दोघं भरवत नव्हते.

"ताई, तुम्ही दुपारचं बोललात, ते अगदी बरोबर. पण रात्रीचं कुणी बोललंच नाही. मुंबईची विमानं रात्री-अपरात्रीची असतात. आम्ही धायरीहून संध्याकाळी निघणार, विमानतळावर तीन तास आधी, मग पोर मांडीवर. ती मांडी माझी. विमान उतरताना कान दुखले की घोट घोट पाणी पाजायचं, ते मी. तिकडं गेल्यावर साडेचारला उठली, तर उठणार मी. मला धबधबा नको नि पुतळा नको. मला खोलीत एक छोटी शेगडी नाहीतर मायक्रोवेव्ह, कपडे धुवायचं मशीन, आणि दुपारी ती झोपल्यावर दोन तास मला कुणी 'चल बघायला' म्हणणार नाही एवढी हमी. एवढं जिथं असेल तो देश."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मेहुण्यानं विमानातल्या पाळण्याचं काढलं. पहिल्या रांगेत भिंतीला अडकवतात तो. त्याच्या बायकोनं त्याला पोरीचं वजन विचारलं. त्याला आठवेना. बऱ्याच कंपन्या दहा-अकरा किलोच्या पुढं तो पाळणा देत नाहीत, आणि दोनला टेकलेलं मूल त्याच्या काठाशीच असतं.

"बरं," मेहुणा जरा वेळानं म्हणाला, "मी खरं सांगू? तिला काही आठवणार नाही, मला माहीत आहे. मी तिच्यासाठी जातच नाहीये. दोन वर्षांत आम्ही दोघं कुठं गेलो नाही. घर, पाळणाघर, कंपनी, रविवारी पाली. पुढच्या वर्षी तिची शाळा सुरू होईल, मग सुट्ट्या शाळेच्या. माझी आई म्हणेल राजगडावर न्या, ताई म्हणेल इतिहास दाखव. आम्हाला दोघांना एकदा अनोळखी रस्त्यावर कॉफी प्यायचीय."

"मग हे आधी का नाही बोललास?" बायकोचा सूर बदलला. "मी आपली पोरीच्या बाजूनं भांडतेय."

माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं वाक्य मेहुण्याचंच. लहान मुलाला घेऊन परदेशी जाणारा मराठी माणूस सहसा हे कबूल करत नाही. तो म्हणतो, पोराला एक्स्पोजर मिळेल, जग कळेल. मग त्या एक्स्पोजरपायी सहा दिवसांत अकरा ठिकाणं कोंबतो, पोर चौथ्या दिवशी तापतं, आणि परत आल्यावर नातेवाइकांना फोटो दाखवताना तो 'ही झोपली होती तेव्हा' असं प्रत्येक फोटोला म्हणतो. आपण आपल्यासाठी चाललोय एवढं मान्य केलं की गणित सोपं होतं : तुम्हाला आवडेल ते शहर घ्या, दिवसाला एकच गोष्ट ठरवा, आणि पोरीची दुपार अबाधित ठेवा. सिंगापूरलाही हे जमतं. एकच हॉटेल, सकाळी झू, दुपारी पडदे ओढून झोप, संध्याकाळी कॉफी.

बायकोला हे पूर्ण पटलं नाही. "शहरात दुपार राहत नाही," ती म्हणाली. "खालीच मॉल असतो. तू एक वाजता म्हणशील, आता इथंच आहोत तर पटकन बघून घेऊ. मी ओळखते तुला. समुद्रावर बघून घ्यायला दुसरं काही नसतं." यावर मेहुण्याकडे उत्तर नव्हतं. दोघा भावंडांपैकी कुणाचा स्वभाव असा आहे ते मी सांगत नाही, पण माझ्याही घरात 'पटकन बघून घेऊ' खूप झालं आहे.

सासूबाई तोवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. पोरीला विमानात खायला म्हणून त्यांनी तो मेपर्यंत टिकवायचा ठरवला होता.

"आई, ह्यात खसखस आहे?" मेहुण्यानं विचारलं.

"मग? खसखशीबिगर डिंकाचा लाडू व्हतो व्हय?"

"मग हा न्यायचा नाही. सिंगापूरला खसखस चालत नाही, दुबईतही नाही. अफूच्या झाडाचं बी म्हणून पकडतात."

सासूबाईंनी आधी लाडवाकडे आणि मग लेकाकडे पाहिलं. ज्या देशात लाडू धरतात त्या देशात नात न्यायची कशाला, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांनी दुसरा विचारला.

"पोरीला अजून पाली दरवाज्यापत्तुर तरी न्हेलीया का?"

नेली नव्हती. चुलतभावाच्या घराला लागून वाट सुरू होते. मेटाकुटीला आणणारी गुंजवण्याची चोरदरवाज्याची वाट वेगळी. ही पालीची वाट रुंद, खोदीव पायऱ्यांची, जुनी राजरस्त्याची, आणि वरचा दरवाजा हत्ती अंबारीसकट आत जाईल एवढा. बायकोला आयतंच सापडलं. "मेच्या आत एक काम करा. एक रविवार तिला पाठीवर घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत जा. तिचं खाणं, पाणी, कपडे, दुपारची झोप, सगळं तुम्ही दोघांनीच बघायचं, आईनं किंवा मी हात लावायचा नाही. कुठं चिडते, किती वेळानं कंटाळते, कोण आधी ओरडतं, सगळं कळेल. मग देश ठरवा."

"तुम्हीही चला ना आमच्याबरोबर," मेहुण्याची बायको सासूबाईंना म्हणाली. "सिंगापूरला."

"मे म्हैन्यात राब भाजायचा आसतो. तरव्याची जमीन कोण करंल?" त्यांनी हात पुढं केला. "आन् माझा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत न्हाई, तो तुमच्या पासपोर्टाच्या मशीनवर उठंल व्हय?" शेणामातीत साठ वर्षं गेलेल्या बोटांवर रेषा राहिल्या नव्हत्या, हे खरंच होतं.

पासपोर्टाचं नाव निघालं आणि मेहुणा एकदम जागा झाला. पोरीचा पासपोर्ट अजून काढायचा होता. मी सरकारी कचेरीत नोकरी काढली आहे. चहाचा कप खाली ठेवून मी पहिल्यांदा बोललो. आठ वर्षांखालच्या मुलाला शुल्कात दहा टक्के सूट, म्हणजे 1000 चे 900. मुदत पाच वर्षं. आईबाप दोघांचं संमतीपत्र. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो घरूनच न्यायचा : पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. नसरापूरच्या एखाद्या फोटोवाल्याकडे सकाळी, तिचं पोट भरल्यावर जा, असंही सांगितलं. आणि 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो, दुसरं काही नाही.

"दाखला आहे," मेहुणा म्हणाला. "महापालिकेचा."

"परतीचं तिकीट कधीचं धरतोयस?"

"सव्वीस मे."

"म्हणजे परतताना तिला दोन पूर्ण. येताना तिची सीट काढावी लागेल."

त्याचा चेहरा पडला. ज्या सवलतीपायी एवढी घाई, ती निम्मी गेली. बायकोनं लगेच संधी साधली : मग घाई तरी कशाला, नोव्हेंबरात भात काढल्यावर जा, आई मोकळी असेल, मॉरिशसला किंवा श्रीलंकेला. तेव्हा मॉरिशसला वादळांचा मोसम सुरू होतो, हे मी तिला हळूच सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कप उचलला.

"दाखला दाखव बरं," मी म्हणालो. मेहुण्यानं मोबाइलवर काढला. आईचं नाव, बापाचं नाव, तारीख, इस्पितळ, सगळं होतं. 'बाळाचे नाव' ह्या रकान्यात रेघ होती. इस्पितळातून जन्माची नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून बऱ्याच दाखल्यांवर असं राहतं. वर्षाच्या आत नाव घातलं तर फुकट. पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं.

"म्हणजे सोमवारी पालिकेत जायचं. सोपंय," मेहुणा म्हणाला.

"कुठलं नाव घालणार?" माझ्या बायकोनं विचारलं. बारशाला पोरीच्या कानात नाव सांगणारी आत्या तीच होती.

"तू सांगितलेलं राशीचं होतं गं. आम्ही हाक मारतो ते..."

"ते तर तुझ्या सासूनं ठेवलंय."

"पाळणाघरात तिसरंच लिहिलंय," मेहुण्याची बायको म्हणाली.

सासूबाईंनी लाडवाचा डबा उघडला. "आधी बसा समदी. ह्याला आता येळ लागंल."